एम्युलेटरच्या लायब्ररीत स्ट्रिंग तोडताना: रिकाम्या तुकड्यापासून ‘मठ’मधल्या ठ-पर्यंत

कंट्रोलरच्या बटणांची मांडणी कॉन्फिग फाईलमध्ये अशा एका ओळीत ठेवली आहे असं धरा: १२,,१४,१५. पहिल्या बटणाला १२ नंबरची कळ, दुसऱ्याला काहीच नाही, तिसऱ्याला १४, चौथ्याला १५. ही ओळ स्वल्पविरामावर तोडणारं फंक्शन रिकामे तुकडे गाळत असेल, तर हातात तीनच आकडे येतात आणि १४ नंबरची कळ दुसऱ्या बटणाला जाऊन चिकटते. उडी मारायला गेलं की गोळी सुटते. कंट्रोलरचा कोड दोन दिवस उलटापालटा केला तरी चूक सापडत नाही, कारण ती तिथे नसतेच. ती सहा महिन्यांपूर्वी कुणीतरी लिहिलेल्या आणि नंतर कुणीच न उघडलेल्या दहा ओळींच्या स्प्लिटमध्ये असते.

गोव्यात फर्मागुडीपासून वेर्ण्यापर्यंत इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला ‘एम्युलेटर लिहू या’ म्हणणारे गट असतात; एम्युलेटर म्हणजे जुन्या गेम कन्सोलची नक्कल करून त्याचे गेम संगणकावर किंवा फोनवर चालवणारा प्रोग्रॅम. सीपीयूचे ऑपकोड, ग्राफिक्सचं टायमिंग याचा अभ्यास सगळे मन लावून करतात. स्ट्रिंग, म्हणजे मजकूर, तोडणं मात्र ‘ते काय, होईल’ म्हणून शेवटच्या रात्रीवर जातं. पण एम्युलेटरमध्ये बाहेरून येणारं जवळजवळ सगळं मजकुराच्या रूपातच येतं: सेटिंग, चीट कोड, डिस्कची क्यू शीट (तिच्यावरच्या ट्रॅकची यादी), प्लेलिस्ट, फाईलचे पाथ, डिस्कवरची बूट फाईल. या प्रत्येकाला वेगळ्या तऱ्हेने तोडावं लागतं. म्हणून पहिला निर्णय हा घ्या: स्प्लिट नावाचं एकच फंक्शन लिहून त्याला पाच फ्लॅग लावायचे नाहीत. वेगवेगळी, छोटी, आपापल्या नावाची फंक्शनं लिहायची.

खालचा हिशेब सी++ धरून केला आहे. कोडचे सांगाडे मराठीत मांडले आहेत. लायब्ररीत नावं तुमच्या प्रकल्पाच्या शिरस्त्याप्रमाणे द्या.

तयार साधनं का पुरत नाहीत

सीमधलं स्ट्रटॉक पहिल्यांदा बाद करा. ते मूळ मजकुरातच शून्य बाइट घालत जातं, लागोपाठच्या खुणा (ज्यांवर तोडायचं ती चिन्हं) एकच समजतं (म्हणजे वरच्या बटणांची वाट लागलीच) आणि आपण कुठवर आलो ते आत एका सामाईक जागी लक्षात ठेवतं. एम्युलेटरमध्ये सीपीयूचा थ्रेड, ग्राफिक्सचा थ्रेड, खिडकीचा थ्रेड असे निदान तीन चालू असतात. दोघांनी एकाच वेळी स्ट्रटॉक हाकललं तर एकाच्या ओळीचे तुकडे दुसऱ्याच्या हातात पडू शकतात.

स्ट्रिंगस्ट्रीम आणि गेटलाईनची जोडी बरीच सभ्य आहे, पण शेवटचा रिकामा तुकडा ती गिळते. ‘अ,आ,’ दिलंत तर दोनच तुकडे परत येतात, तीन नाही. चौथ्या बटणाला काहीच लावलेलं नसेल तर चौथं बटण अस्तित्वातच नाही असं कोडला वाटतं. मधला रिकामा तुकडा राखते, शेवटचा टाकते. अशी अर्धवट सवय पूर्ण वाईट सवयीपेक्षा घातक, कारण साध्या चाचणीत ती दिसत नाही.

सी++२० मध्ये रेंजेसचा स्प्लिट आला आणि नवा कंपायलर असेल तर तो चांगला आहे. पण अँड्रॉइडसाठीची जुनी टूलचेन धरून चालायचं असेल, तर वीस ओळींचं स्वतःचं फंक्शन जास्त निवांतपणा देतं.

पहिलं फंक्शन: एका खुणेवर काटेकोर तोडणं

नियम एकच. मजकुरात खुणा जितक्या, त्याहून तुकडे एकाने जास्त. पावावर तीन ठिकाणी सुरी मारली की चार तुकडे होतात. त्यातला एखादा कितीही पातळ निघाला तरी मोजायचा.

तोडा_खुणेवर(मजकूर, खूण):
    सुरुवात = ०
    पुन्हा पुन्हा:
        जागा = मजकुरात खूण शोधा, सुरुवातीपासून पुढे
        सापडली नाही तर:
            यादीत टाका मजकूर[सुरुवात ते अखेर]
            यादी परत द्या
        यादीत टाका मजकूर[सुरुवात ते जागा]
        सुरुवात = जागा + १

यात ‘सापडली नाही’ची फांदी वर आहे, हे पाहून घ्या. बहुतेक चुका तिथेच होतात. लूप ‘सापडेपर्यंत’ चालवायचा आणि शेवटचा तुकडा बाहेर वेगळा टाकायचा, तोही ‘रिकामा नसेल तरच’ अशी अट घालून, असं लिहिलं की गेटलाईनचाच आजार आपण हाताने परत आणतो.

रिकाम्या मजकुराचं काय करायचं? नियमाप्रमाणे शून्य खुणा, म्हणून एक तुकडा, तोही रिकामा. पायथनमध्येही स्वल्पविरामावर रिकामी स्ट्रिंग तोडली की एक रिकामा तुकडा मिळतो. इथे ‘रिकामी यादी देणं जास्त नैसर्गिक’ असा वाद हमखास होतो. तो मोह टाळा. एक अपवाद केला की जोडून परत मूळ मजकूर मिळण्याची हमी जाते. ज्याला रिकाम्या ओळीत रस नाही त्याने फंक्शन बोलावण्याआधी तपासावं.

खूण एका बाइटची नसून स्ट्रिंग असेल, तर पुढे सरकताना १ नाही, खुणेची लांबी मिळवायची. आणि खूण रिकामी असेल तर? रिकामी स्ट्रिंग प्रत्येक जागी ‘सापडते’, सुरुवात जागची हलत नाही, यादी फुगत जाते आणि मेमरी संपल्यावरच प्रोग्रॅम थांबतो. फंक्शनच्या पहिल्या ओळीत असर्ट, म्हणजे अट मोडली की प्रोग्रॅम तिथेच थांबवणारी तपासणी, लावा.

तुकडा म्हणजे स्ट्रिंग की नुसता उतारा

सी++१७ पासून स्ट्रिंग_व्ह्यू मिळालं. तुकड्यांची यादी त्याची केली तर अक्षरांची नक्कल होत नाही. प्रत्येक तुकडा म्हणजे फक्त एक पत्ता आणि एक लांबी, ६४ बिटी मशीनवर मिळून १६ बाइट. हजार-दोन हजार गेमची यादी चाळताना हा फरक कामाचा. पण व्ह्यू म्हणजे एक-चौदाचा उतारा, गोव्यातला जमिनीच्या नोंदीचा कागद. कागद हातात आहे म्हणून जमीन हातात आहे असं नसतं. मूळ स्ट्रिंग मेली की उतारा तसाच राहतो, पण त्या पत्त्यावर आता दुसऱ्याचं काहीतरी उभं असतं.

हे तीन ठिकाणी हमखास घडतं.

एक: तोडा_खुणेवर(फाईल_वाचा(पाथ)) असं एका ओळीत लिहिलं, की फाईल_वाचाने दिलेली तात्पुरती स्ट्रिंग अर्धविरामाशी नष्ट होते आणि यादीतले सगळे व्ह्यू लोंबकळतात. फॉर-लूपच्या डोक्यात असंच लिहिलं तर सी++२३ च्या आधी तेही फसतं. सी++२३ मध्ये लूप संपेपर्यंत तात्पुरत्या गोष्टी जिवंत ठेवायचा नियम आला. उपाय म्हणून तात्पुरती स्ट्रिंग घेणारं ओव्हरलोड (त्याच नावाचं, पण वेगळ्या प्रकारची माहिती घेणारं फंक्शन) ‘डिलीट’ करून टाका, म्हणजे कंपायलरच अडवेल. मात्र नुसतं तेवढं केलंत तर अवतरणातला साधा मजकूर थेट दिल्यावर कंपायलर ‘दोन्हीपैकी कुठलं घेऊ’ म्हणून अडून बसतो. त्यासाठी साधा कॅरेक्टर पॉइंटर घेणारं तिसरं ओव्हरलोड ठेवा, किंवा डिलीट केलेलं ओव्हरलोड टेम्प्लेट करून त्याला ‘फक्त स्ट्रिंगच’ अशी अट घाला.

दोन: ओळींची यादी व्हेक्टरमध्ये आहे, प्रत्येक ओळीचे व्ह्यू काढून ठेवलेत आणि मग व्हेक्टरमध्ये आणखी ओळी टाकल्या. व्हेक्टर वाढतो तेव्हा स्ट्रिंगा नव्या जागी हलतात. लांब स्ट्रिंगचा मजकूर हीपवर असतो, तो जागचा हलत नाही. छोट्या स्ट्रिंगचा मजकूर मात्र ऑब्जेक्टच्या पोटातच असतो. जीसीसी आणि व्हिज्युअल सी++ च्या लायब्ररीत ही मर्यादा १५ बाइटची. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे ‘पणजी’ १२ बाइट, ‘मडगाव’ बरोबर १५, आणि ‘म्हापसा’ (म, हलन्त, ह, काना, प, स, काना) २१. परिणाम विचित्र दिसतो: पणजी आणि मडगावच्या ओळी कचरा होतात, म्हापशाची शाबूत राहते. क्लँगच्या लायब्ररीत मर्यादा २२ आहे, तिथे म्हापसाही जातो. ‘माझ्या मशीनवर चालतं’ हे वाक्य अशा ठिकाणी जन्माला येतं.

तीन: व्ह्यूच्या शेवटी शून्य बाइट नसतो. ‘१२,३४’ मधला पहिला तुकडा उचलून त्याचा कच्चा पॉइंटर मजकुराचा आकडा करणाऱ्या एटॉइला दिला तर १२ च येतात, कारण स्वल्पविरामाशी तो थांबतो. हे नशीब आहे, बरोबर असणं नाही. तोच पॉइंटर फाईल उघडणाऱ्या सी फंक्शनला द्या. ते तुकड्यापाशी न थांबता ओळीच्या अखेरपर्यंतचं सगळं फाईलचं नाव समजून शोधत बसेल. ऑपरेटिंग सिस्टीमला काही द्यायचं तर तुकड्याची खरी स्ट्रिंग करा.

लायब्ररीसाठी सोयीची मांडणी: आतलं काम व्ह्यूवर, आणि ज्यांना तुकडे साठवून ठेवायचे त्यांच्यासाठी स्ट्रिंगांची यादी देणारं वेगळं फंक्शन. सेटिंग वाचणाऱ्या कोडने खुशाल नक्कल करावी. ६० फ्रेमच्या गेमला एका फ्रेममागे सुमारे १६.६७ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात स्प्लिट मुळात चालताच कामा नये, मग तो कितीही चपळ असो.

दुसरं फंक्शन: मोकळ्या जागेवर तोडणं

प्लेस्टेशन २ च्या चीट कोडच्या ओळीत सहसा आठ-आठ हेक्स अंकांचे दोन गट असतात, मध्ये जागा. लोक हे कोड कुठून कुठून उचलून चिकटवतात. मध्ये एक जागा, तीन जागा, टॅब, काहीही येतं. इथे रिकाम्या तुकड्याला अर्थ नाही. म्हणून इथला नियम उलटा: लागोपाठच्या जागा म्हणजे एकच खूण, आणि दोन्ही कडांच्या जागा गायब. रिकामी ओळ दिली तर इथे रिकामी यादीच परत जायला हवी.

तोडल्यावर गट नेमके दोन आहेत का, प्रत्येक नेमका आठ अंकी आहे का, हे पाहा. सात अंक असतील तर पुढे शून्य लावून चालवून घेऊ नका. चुकीच्या पत्त्यावर लिहिलेला चीट कोड गेमची सेव्ह फाईल खराब करू शकतो.

तिसरी जोडी: पहिल्या आणि शेवटच्या खुणेवर

‘किल्ली = किंमत’ अशा ओळी पहिल्या बरोबर-चिन्हावरच तोडायच्या, बाकीची चिन्हं किंमतीच्या पोटात राहू द्यायची. गेमच्या फोल्डरच्या नावात बरोबर-चिन्ह असू शकतं. या फंक्शनने यादी देऊ नये. ‘डावं, उजवं, खूण सापडली का’ असे तीन भाग द्यावेत. तिसरा भाग वगळला तर ‘आवाज=’ आणि नुसतं ‘आवाज’ यांत फरक उरत नाही. पहिल्याने किंमत मुद्दाम रिकामी ठेवली आहे, दुसरी ओळ मोडकी आहे.

फाईलचा पाथ उलट बाजूने, शेवटच्या तिरक्या रेघेवर तोडायचा. विंडोजवर दोन्ही दिशांच्या रेघा चालतात. लिनक्सवर उलटी रेघ हे फाईलच्या नावातलं साधं अक्षर आहे, तिथे तिच्यावर तोडू नका. एक्स्टेन्शनसाठी शेवटचा बिंदू शोधताना तो शेवटच्या रेघेच्या पुढेच शोधा. नाहीतर ‘/गेम्स.जुने/डिस्क’ या पाथचं एक्स्टेन्शन ‘जुने/डिस्क’ निघतं.

आता ही जोडी एका खऱ्या कामावर चालवून बघू. प्लेस्टेशन २ च्या डिस्कवर सिस्टीम डॉट सीएनएफ नावाची छोटी फाईल असते, तिच्यात या घाटाची ओळ सापडते (प्रत्यक्षात सगळं रोमन लिपीत):

बूट२ = सीडीरॉम०:\एसएलयूएस_१२३.४५;१

यातून गेमचा क्रमांक काढायचा. पहिल्या बरोबर-चिन्हावर तोडा, दोन्ही बाजू ट्रिम करा, म्हणजे कडांच्या मोकळ्या जागा काढा. काही डिस्कवर चिन्हाच्या बाजूला जागा असते, काहींवर नसते. उजव्या भागातून शेवटच्या उलट्या रेघेनंतरचं घ्या. रेघ नसेल तर शेवटच्या विसर्गचिन्हानंतरचं (म्हणजे कोलननंतरचं), कारण पहिल्या प्लेस्टेशनच्या काही डिस्कवर नुसतं ‘सीडीरॉम:’ असून पुढे रेघच नसते. मग पहिल्या अर्धविरामावर तोडून ‘;१’ टाका; तो आयएसओ ९६६० मधला फाईलचा आवृत्ती क्रमांक. उरलेल्यात खालच्या रेघेची आडवी रेघ करा, बिंदू काढा: एसएलयूएस-१२३४५. चार अक्षरं आणि पाच अंक नसतील तर क्रमांक ओळखला नाही असं सांगा, अंदाज करू नका. पहिल्या प्लेस्टेशनवर किल्लीचं नाव नुसतं ‘बूट’ असतं, तेव्हा किल्ली पूर्ण जुळवा; ‘बूटने सुरू होते का’ एवढंच विचाराल तर दोन्ही कन्सोल एकमेकांत मिसळतात.

अवतरणांतला मजकूर: क्यू शीट

फाईल "सत्तरी रॅली (डिस्क १).बिन" बायनरी
  ट्रॅक ०१ मोड२/२३५२
    इंडेक्स ०१ ००:००:००
  ट्रॅक ०२ ऑडिओ
    इंडेक्स ०१ ०२:१०:३७

(गेम काल्पनिक, आणि शीटमधले शब्दही प्रत्यक्षात रोमन.) पहिली ओळ मोकळ्या जागेवर तोडली की ‘रॅली’ आणि ‘(डिस्क’ वेगळे पडतात. म्हणून इथे चौथं फंक्शन: मोकळ्या जागेवरच तोडायचं, पण अवतरणाच्या आत असताना जागा हे साधं अक्षर. त्याला एकच ‘आत की बाहेर’ फ्लॅग पुरतो. अवतरण बंदच झालं नाही तर ओळीच्या अखेरपर्यंतचा मजकूर एक तुकडा धरा आणि इशारा द्या. अवतरणाच्या आत पुन्हा अवतरण लिहिण्याची काही ठरलेली पद्धत क्यू शीटमध्ये नाही, तेव्हा उलटी रेघ लावून सुटका करण्याचा उद्योग इथे करू नका. विंडोजच्या पाथमधल्या रेघा त्यात खर्ची पडतील.

वेळेचा तुकडा विसर्गचिन्हावर काटेकोर तोडायचा: मिनिटं, सेकंद, फ्रेम. सीडीवर सेकंदाला ७५ फ्रेम. ०२:१०:३७ म्हणजे (२ × ६० + १०) × ७५ + ३७ = ९,७८७ सेक्टर. दोन्ही ट्रॅक २,३५२ बाइटच्या सेक्टरचे आणि एकाच फाईलमध्ये असतील, तर दुसरा ट्रॅक २,३०,१९,०२४ व्या बाइटपासून. फ्रेमचा आकडा ७५ किंवा त्याहून मोठा आला तर शीट चुकीची आहे.

आता तुकड्याचा आकडा करताना एक जुना सापळा. मजकुराचा पूर्णांक करणाऱ्या स्ट्रटोलला आधार ० दिला की ते स्वतः ओळखतं, आणि पुढे शून्य असलेला आकडा अष्टमान समजतं. ०७ पर्यंत सगळं सुरळीत. ०८ आणि ०९ ला मात्र आठ-नऊ हे अंक अष्टमानात नसल्यामुळे उत्तर ० येतं. सात ट्रॅकच्या डिस्क चालतात, आठव्या ट्रॅकचं संगीत हरवतं. आधार नेहमी स्वतः १० द्या.

त्याहून बरं म्हणजे सी++१७ चं फ्रॉम_चार्स. ते व्ह्यूवर थेट चालतं, शून्य बाइट मागत नाही आणि कुठे थांबलं ते सांगतं. तुकड्याच्या शेवटाशी थांबलं नसेल तर मागे कचरा आहे. पण ते पुढची मोकळी जागा सोडून देत नाही, अधिक-चिन्ह घेत नाही, हेक्सआधीची ०एक्सची जोडीही त्याला चालत नाही. म्हणून आधी ट्रिम, मग जोडी काढणं, मग आकडा, हा क्रम.

दशांशासाठी तर ते गोव्यात जास्तच हवं. पोर्तुगालशी नातं असलेल्या घरांतल्या एखाद्या लॅपटॉपला पोर्तुगीज लोकॅल (भाषा आणि प्रदेशाची सेटिंग) लावलेलं असू शकतं, आणि त्यात दशांशाची खूण स्वल्पविराम आहे. खिडक्या बनवणारी क्यूटी लायब्ररी लिनक्सवर सुरू होतानाच सिस्टीमचं लोकॅल लावून घेतं. मग दशांश आकडा वाचणाऱ्या स्ट्रटॉडला ‘१.५’ दिलं की ते १ वर थांबतं, आणि तेच लोकॅल वापरून लिहिलेली ‘१,५’ ही किंमत पुढच्या वेळी स्वल्पविरामावर तुटून दोन तुकडे होते. खिडकी दीडपट मोठी व्हायच्या ऐवजी सेटिंगची अख्खी ओळ एका घराने सरकते. लोकॅलला न बांधलेली फंक्शनं वाचायला आणि लिहायला, दोन्हीकडे वापरा. फ्रॉम_चार्सचा दशांशाचा भाग जीसीसीत ११ व्या आवृत्तीपासून आहे.

देवनागरी नावं आणि बाइट

यूटीएफ-८ ची एक फार चांगली बाजू: स्वल्पविराम, तिरकी रेघ, बरोबर-चिन्ह यांचे बाइट १२८ च्या खालचे, आणि देवनागरीसारख्या अक्षराच्या आत १२८ च्या खालचा बाइट कधीच येत नाही. म्हणून ‘पणजी,म्हापसा,फोंडा’ हे बाइटवार तोडलं तरी एकही अक्षर मोडत नाही. तेवढ्यासाठी युनिकोडची भली मोठी लायब्ररी ओढून आणायची गरज नाही.

गडबड होते ती खूणच देवनागरी असेल तेव्हा. दंड (।) हा २२४, १६५, १६४ असा तीन बाइटचा आहे. तो सलग स्ट्रिंग म्हणून शोधलात तर ठीक. पण ‘या संचातलं कुठलंही’ शोधणाऱ्या फंक्शनला, म्हणजे फाइंड_फर्स्ट_ऑफला तो दिलात, तर ते तिन्ही बाइट सुटे सुटे तीन खुणा समजतं. ‘पणजी’चे बाइट बघा:

प  २२४ १६४ १७०
ण  २२४ १६४ १६३
ज  २२४ १६४ १५६
ी  २२४ १६५ १२८

प्रत्येक चिन्हाचे पहिले दोन बाइट खूण ठरून उडतात. उरतात १७०, १६३, १५६, १२८ असे चार अनाथ बाइट आणि पडद्यावर चार चौकोन. दंड मजकुरात असो वा नसो.

ट्रिमचा सापळा याहून बेमालूम. मोकळी जागा ओळखायला बरेच जण आयएसस्पेस वापरतात. अनेक कंपायलरांत कॅरेक्टर चिन्हासह असतो, म्हणजे २२४ हा बाइट उणे ३२ म्हणून आत जातो. उणे आकडा देणं नियमबाह्य आहे आणि व्हिज्युअल सी++ ची डीबग आवृत्ती तिथेच असर्टने आपटते. ‘अनसाइन्ड करून टाकू’ म्हणून ते मिटवलं, तरी पुढचा खड्डा तयारच. विंडोजवर पश्चिम युरोपी कोडपेजचं लोकॅल चालू असेल तर १६० हा बाइट न तुटणारी जागा म्हणून ‘मोकळा’ ठरतो. आणि ‘ठ’ या अक्षराचे बाइट आहेत २२४, १६४, १६०. फोल्डरचं नाव ‘पर्तगाळ मठ’ असेल तर ट्रिम शेवटचा १६० खाऊन टाकते, ठ-चे दोनच बाइट उरतात आणि फोल्डर सापडत नाही. ‘पर्तगाळ’ नावाचं फोल्डर मात्र बिनतक्रार उघडतं. यावर उपाय साधा: लायब्ररीत स्वतःचं मोकळं_आहे_का लिहा, त्यात जागा (३२) आणि ९ ते १३ हे बाइट, बस. लोकॅलला विचारूच नका.

जपानी गेमांच्या बाबतीत वेगळी काळजी. पहिल्या प्लेस्टेशनच्या मेमरी कार्डवरची सेव्हची नावं शिफ्ट-जेआयएस या जपानी अक्षरांच्या जुन्या बाइट-पद्धतीत असतात आणि तिथे यूटीएफ-८ ची वरची हमी लागू नाही. दोन बाइटच्या अक्षराचा दुसरा बाइट ६४ पासून पुढचा असू शकतो: कातकाना ‘सो’ हे १३१, ९२, आणि ९२ म्हणजे उलटी रेघ. उभी रेघ (१२४) सुद्धा त्याच टप्प्यात. स्वल्पविराम (४४), तिरकी रेघ (४७), बरोबर-चिन्ह (६१) ६४ च्या खाली, म्हणून निर्धास्त. तरीही हे लक्षात ठेवत बसण्यापेक्षा आत आल्या आल्या सगळं यूटीएफ-८ करा आणि मगच तोडा. त्याच्याही आधी, ठरलेल्या लांबीच्या रकान्यातून मजकूर उचलत असाल तर पहिल्या शून्य बाइटपाशी कापा. आयएसओ ९६६० मधलं डिस्कचं नाव ३२ बाइटच्या रकान्यात असतं आणि उरलेली जागा स्पेसने भरलेली असते; तिथे शेवटची ट्रिम लागते.

ओळी

संपूर्ण फाईलच्या ओळी करणं हे दिसायला पहिल्या फंक्शनचंच काम, पण इथे एक सवलत आहे. फाईलच्या शेवटी नवी ओळ असते म्हणून अखेरचा जो रिकामा तुकडा निघतो, तो माहिती नाही. तेवढा एक टाका. मधल्या रिकाम्या ओळी राहू द्या, चुकीचा ओळ क्रमांक सांगायला त्या लागतात.

विंडोजच्या ओळीच्या शेवटी उरणारा १३ हा बाइट इथेच काढा. तो राहिला तर प्लेलिस्टमधलं ‘डिस्क१.क्यू’ पडद्यावर बरोबर दिसतं आणि फाईल मात्र ‘नाही’ म्हणते. फाईलच्या अगदी सुरुवातीला २३९, १८७, १९१ असे तीन बाइट असतील तर तो बीओएम, म्हणजे फाईल यूटीएफ-८ मध्ये आहे हे सांगणारी खूण. तो न काढल्यास फक्त पहिलीच किल्ली ओळखली जात नाही. प्लेलिस्टमध्ये #ने सुरू होणाऱ्या ओळी सोडा, पण ओळीच्या मध्ये आलेला # कापू नका, तो नावाचा भाग असतो. प्लेलिस्टमधले अपुरे पाथ प्लेलिस्टच्या फोल्डरपासून मोजायचे, एम्युलेटर जिथून सुरू केला तिथून नव्हे.

आणि पावसाळ्याचा हिशेब. जूनमध्ये एकदा गडगडाट सुरू झाला की सत्तरी-काणकोणातच नाही, शहरातही वीज कधी जाईल सांगता येत नाही. सेटिंग लिहितानाच गेली तर शेवटची ओळ अर्धी राहते: ‘आवाज = ८०’ ऐवजी ‘आवाज = ८’. ही ओळ व्यवस्थित तुटते, आकडाही नीट होतो, फक्त खोटा असतो. वाचणाऱ्याला हे कळण्याचा मार्ग नाही, म्हणून लिहिणाऱ्याने सांभाळायचं: शेजारी तात्पुरत्या नावाने पूर्ण फाईल लिहा, ती डिस्कवर उतरल्याची खात्री करा, मग नाव बदलून जुनीच्या जागी ठेवा. जास्तीची खूण म्हणून, फाईल नवीन ओळीने संपत नसेल तर ‘शेवटची ओळ संशयास्पद’ असा इशारा लॉगमध्ये टाका.

चाचण्या

काटेकोर फंक्शनसाठी किमान या:

रिकामं → १ तुकडा
, → २
अ → १
अ, → २
,अ → २
अ,,आ → ३
पणजी,मडगाव,म्हापसा → ३, आणि प्रत्येक बाइट जसाच्या तसा

याशिवाय एकच मोठी चाचणी: कुठलाही मजकूर तोडा, त्याच खुणेने जोडा, मूळ मजकूर परत आला पाहिजे. यादृच्छिक बाइट देणाऱ्या फझरला ही एक अट पुरते. जोडणारं फंक्शन नसेल तर या चाचणीसाठी तरी लिहाच. मोकळ्या जागेवर तोडणाऱ्याला ही अट लागू होत नाही. त्याच्यासाठी ‘तोडलेलं एका जागेने जोडून पुन्हा तोडलं तर तीच यादी’ अशी अट लावा.

चाचण्या ॲड्रेस सॅनिटायझर (मेलेल्या किंवा हद्दीबाहेरच्या मेमरीला हात लावला की पकडणारं साधन) लावून चालवा, आणि व्ह्यूच्या चाचणीत १५ बाइटहून छोटी आणि २२ हून मोठी अशा दोन्ही ओळी ठेवा. नाहीतर पोटात मावणाऱ्या स्ट्रिंगचा दोष एका मशीनवर सापडेल आणि दुसऱ्यावर लपेल. ट्रिमच्या चाचणीत ‘पर्तगाळ मठ’ ठेवाच, मागे दोन जागा आणि एक टॅब लावून. ट्रिम झाल्यावर लांबी २८ बाइट भरली पाहिजे: पर्तगाळचे सात चिन्हांचे २१, मधल्या जागेचा १, मठचे ६. चाचणीत असे आकडे हाताने मोजून न लिहिता चिन्हांची यादी मांडून लिहावेत: प, र, हलन्त, त, ग, काना, ळ, जागा, म, ठ.